किल्केनीचे कोडी गुरुजी

आयर्लंड हे युरोपच्या वायव्य टोकास असलेले एक हिरवेगार बेट आहे. या बेटाच्या आग्नेय भागातून नोर नावाची नदी वाहते. तिच्या काठी किल्केनी हे जुने शहर वसलेले आहे. नदीच्या उंच काठावर एक भक्कम किल्ला उभा आहे आणि त्याच्या सावलीत अरुंद गल्ल्यांचे व दगडी घरांचे हे शहर पसरले आहे. भोवतालच्या परगण्यासही किल्केनी असेच नाव आहे. या परगण्यात एका खेळाचे वेड पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. त्या खेळाचे नाव हर्लिंग.

हर्लिंग हा आयर्लंडचा अतिशय प्राचीन खेळ आहे. त्या देशाच्या जुन्या वीरकथांतही त्याचे उल्लेख आढळतात. प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात. प्रत्येकाच्या हाती अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची, टोकाशी रुंद व चपटी होत गेलेली काठी असते. तिला हर्ली म्हणतात. चेंडू लहान व कातडी आवरणाचा असतो. हॉकीत चेंडू बहुतेक वेळ जमिनीवरूनच मारला जातो. हर्लिंगमध्ये मात्र तो हवेतल्या हवेत टोलवता येतो, हाताने झेलता येतो आणि काठीच्या टोकावर तोलून धरून धावताही येते. मैदानाच्या दोन्ही टोकांस इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराचे खांब असतात. चेंडू आडव्या दांड्यावरून गेला तर एक गुण मिळतो. दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल होतो आणि एका गोलाचे तीन गुण धरतात. मोठ्या स्पर्धांत हा खेळ सत्तर मिनिटे चालतो. चेंडू इतक्या वेगाने या टोकाकडून त्या टोकाकडे जातो, की नवख्या प्रेक्षकाची नजर त्याच्यामागे धावून थकून जाते.

या खेळाचे नियमन करणारी संस्था १८८४ साली स्थापन झाली. गडी आपल्या गावच्या मंडळाकडून खेळतो आणि त्याची निवड झाली तर तो आपल्या परगण्याकडून खेळतो. या खेळाबद्दल त्यास पगार मिळत नाही. राजधानी डब्लिन येथील क्रोक पार्क या प्रचंड क्रीडांगणात ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतात. त्या अफाट जनसमुदायापुढे अंतिम सामना खेळलेला गडी दुसऱ्या दिवशी कुठल्याशा शाळेत, शेतात वा कचेरीत आपल्या कामावर जातो. परगण्यांच्या स्पर्धेत जो संघ अखिल आयर्लंडचा विजेता ठरतो, त्यास लायम मॅकार्थी चषक देतात. हा चषक आपल्या परगण्यात आणणे यापरते दुसरे भूषण हर्लिंगच्या खेळाडूस नसते.

ब्रायन कोडी याचा जन्म १२ जुलै १९५४ रोजी किल्केनी येथे झाला. शहरातील जेम्स स्टीफन्स नावाच्या मंडळात तो लहानपणापासून खेळू लागला. किल्केनीत जन्मलेल्या एका स्वातंत्र्यवादी क्रांतिकारकाचे नाव या मंडळास दिलेले आहे. ब्रायनचे शिक्षण सेंट किअरन्स या शाळेत झाले. या शाळेने आयर्लंडला अनेक नामवंत हर्लिंगपटू दिले आहेत. उंचापुरा, मजबूत बांध्याचा आणि निश्चयी वृत्तीचा हा मुलगा लवकरच सर्वांच्या नजरेत भरला. १९७२ साली अठरा वर्षांखालील मुलांच्या संघाचा तो कर्णधार होता आणि त्या वर्षी किल्केनीच्या मुलांनी अखिल आयर्लंडचे विजेतेपद मिळवले. पुढे तीनच वर्षांनी, म्हणजे १९७५ साली, तो परगण्याच्या मुख्य संघातून अंतिम सामना खेळला. तोही सामना किल्केनीने जिंकला. एकविसाव्या वर्षी त्यास देशातील सर्वोच्च पदक मिळाले. खेळाबरोबर त्याने शिक्षकाचा पेशाही पत्करला होता. आता त्याच्या मार्गात कसलीच अडचण उरली नाही, असे कोणासही वाटले असते.

परंतु १९७८ साल उजाडले. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात किल्केनीची गाठ कॉर्क परगण्याशी होती. किल्केनी आणि कॉर्क हे हर्लिंगमधील जुने प्रतिस्पर्धी. ब्रायन हा मूळचा बचाव करणारा गडी. परंतु त्या हंगामात त्यास आघाडीच्या मध्यावर खेळवण्यात आले होते. गोल करण्याचा भार त्याच्यावर होता. तो दिवस त्याचा नव्हता. त्याचे प्रयत्न फोल ठरत गेले आणि कॉर्कने चार गुणांच्या फरकाने सामना जिंकला.

पराभूत संघ किल्केनीस परतला. तेथील रिवाजाप्रमाणे जिंकलेल्या संघाप्रमाणेच हरलेल्या संघाचेही गावात स्वागत होते. लोक जमले होते. एकेका खेळाडूचे नाव पुकारले जात होते. ब्रायन कोडीचे नाव पुकारले गेले, तेव्हा जमावातील काही जणांनी त्याची हुर्यो उडवली.

परक्या गावात परक्या लोकांनी केलेली टवाळी मनुष्य विसरून जातो. येथे मात्र गाव आपले होते, माणसेही आपलीच होती. ज्यांच्या साक्षीने तो लहानाचा मोठा झाला, ज्यांची मुले उद्या त्याच्या वर्गात येऊन बसावयाची होती, त्यांच्यापैकीच काहींनी हा अपमान केला होता. चोवीस वर्षांच्या तरुणाने अशा वेळी काय करावे? रागाने काठी टाकून द्यावी, की दोष दुसऱ्यांच्या माथी मारावा? ब्रायनने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. तो आपल्या मंडळात परत गेला आणि खेळत राहिला.

पुढील वर्षी, १९७९ साली, किल्केनीने अखिल आयर्लंडचे विजेतेपद मिळवले. त्या अंतिम सामन्याच्या पहिल्या पंधरा गड्यांत ब्रायनचे नाव नव्हते. आपल्यावाचून संघ जिंकला, ही गोष्ट खेळाडूच्या मनास बोचल्याशिवाय राहत नाही. तरीही त्याने धीर सोडला नाही. तो बचावाच्या आपल्या मूळ जागेकडे वळला. गोलरक्षकाच्या पुढे मधोमध उभे राहून प्रतिपक्षाचे हल्ले परतवणे, हे त्याचे काम झाले. या कामात टाळ्या कमी आणि धक्के अधिक. परंतु त्याच्या स्वभावास ते मानवले.

किल्केनीत अशी प्रथा होती, की परगण्यातील विजेत्या मंडळाने परगण्याच्या संघासाठी कर्णधार सुचवावा. १९८१ साली जेम्स स्टीफन्स मंडळ विजयी झाले आणि १९८२ सालच्या संघाचे कर्णधारपद ब्रायनकडे आले. त्या वर्षी अंतिम सामन्यात पुन्हा कॉर्कच समोर उभे ठाकले. बहुतेकांचा कौल कॉर्कच्या बाजूने होता. सामना सुरू झाला आणि पाहता पाहता चित्र पालटले. किल्केनीने ३ गोल व १८ गुण मिळवले. कॉर्कला १ गोल व १३ गुणच करता आले. अकरा गुणांच्या फरकाने किल्केनीने बाजी मारली. ज्याची चार वर्षांपूर्वी हुर्यो उडाली होती, त्याच ब्रायनने लायम मॅकार्थी चषक दोन्ही हातांनी उंच धरला. दुसऱ्या वर्षी, १९८३ साली, पुन्हा कॉर्कलाच हरवून किल्केनीने विजेतेपद राखले आणि तेव्हाही बचावाच्या मध्यावर तोच उभा होता.

खेळाचे दिवस संपल्यावर कोडी किल्केनीतच राहिले. तेथील एका प्राथमिक शाळेत ते शिकवीत आणि पुढे ते मुख्याध्यापकही झाले. त्यांच्या आयुष्याचा दुसरा आणि अधिक मोठा अध्याय १९९८ सालाच्या अखेरीस सुरू झाला. त्या वेळी किल्केनीच्या संघाचे व्यवस्थापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हर्लिंगमध्ये व्यवस्थापक म्हणजे केवळ हिशेब ठेवणारा मनुष्य नव्हे. संघ निवडणे, सराव घेणे, डाव आखणे आणि सामना चालू असता कोणास बाहेर बोलवावयाचे व कोणास आत पाठवावयाचे हे ठरवणे, ही सर्व कामे त्याच्याकडे असतात. त्या वेळी किल्केनीने १९९३ नंतर एकदाही चषक जिंकला नव्हता.

पहिल्याच वर्षी कोडी यांनी संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला. पावसाने भिजलेल्या मैदानावर पुन्हा कॉर्कशीच सामना झाला. कॉर्कचे १३ गुण झाले आणि किल्केनीचे १२. एका गुणाने चषक हुकला! आदल्या वर्षीही किल्केनी अंतिम सामन्यात हरले होते. आता तिसऱ्यांदा हार झाली तर लोक काय म्हणतील, हे १९७८ सालचे स्वागत अनुभवलेल्या मनुष्यास कोणी सांगावयास नको होते. परंतु भीतीने डाव सावध होतो आणि सावध डाव बहुधा फसतो. २०००च्या अंतिम सामन्यात किल्केनीचा संघ मोकळेपणाने खेळला आणि त्याने ऑफली परगण्याचा तेरा गुणांनी पराभव केला.

तथापि विजय हा कधीकधी वाईट शिक्षक ठरतो. २००१ साली उपान्त्य सामन्यात गॉलवेच्या गड्यांनी किल्केनीच्या गड्यांना अंगबळात आणि जिद्दीत मागे टाकले. सामना हातचा गेला. गड्यांचे कौशल्य कमी झाले नव्हते. आदल्या वर्षीच्या यशाने त्यांची भूक मात्र मंदावली होती. कोडी यांनी हा धडा मनात कोरून ठेवला. तेव्हापासून त्यांच्या संघात एक नियम दृढ झाला : काल कोण कसा खेळला यास महत्त्व नाही, आज सरावात जो घाम गाळील, तोच उद्या मैदानावर उतरेल.

किल्केनी शहरातील नोलन पार्क या मैदानावर संघातल्या संघात सरावसामने होत. त्यांची कीर्ती सर्व देशभर पसरली. या सामन्यांत कोडी स्वतः शिट्टी घेऊन उभे राहत. पण ती क्वचितच वाजवीत. मित्र मित्राशी असा झुंजे, की पाहणाऱ्यास तो खरा सामनाच वाटावा. ‘टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. नोलन पार्कवर हे घाव घालणारे आणि सोसणारे दोघेही एकाच रंगाचे, काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे अंगरखे मिरवणारे असत.

हा नियम पाळणे सोपे नव्हते. २००३ साली खुद्द कर्णधारास पहिल्या पंधरांत जागा मिळेना आणि हंगाम चालू असतानाच तो संघ सोडून गेला. तो लोकांचा लाडका खेळाडू होता. अनेकांना हळहळ वाटली आणि व्यवस्थापक कठोर आहेत, अशी टीकाही झाली. त्या वर्षी किल्केनीने चषक जिंकला, म्हणून ती टीका ओसरली. पण संघ सोडून गेलेल्या खेळाडूचे दुःख काही त्यामुळे खोटे ठरत नाही. संघ निवडणाऱ्याने एकास जागा दिली की दुसऱ्याची जागा जाते. ज्याने स्वतः १९७९ साली बाहेर बसून आपल्या संघाचा विजय पाहिला होता, त्यास या दुःखाची जाणीव नसेल असे कसे म्हणावे? तरीही न्याय करावयाचा तर तो सर्वांस सारखा हवा, हा बाणा त्यांनी सोडला नाही.

२००४ साली कॉर्कने किल्केनीला अंतिम सामन्यात हरवले. पुढे २००६ साली कॉर्कचा संघ सलग तिसऱ्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर उभा असता किल्केनीने त्याची वाट अडवली. तेथून किल्केनीच्या वैभवाचा काळ सुरू झाला. २००६, २००७, २००८ आणि २००९ अशी सलग चार वर्षे चषक किल्केनीतच राहिला. २००८च्या अंतिम सामन्यात तर किल्केनीने वॉटरफर्डला तेवीस गुणांनी हरवले. सलग चार विजेतेपदे यापूर्वी केवळ कॉर्कने, १९४१ ते १९४४ या काळात, मिळवली होती. सलग पाच तोवर कोणत्याही परगण्यास साधली नव्हती.

२०१० साली तो पराक्रम करण्याची संधी किल्केनीपुढे चालून आली. त्या संघाचा आधारस्तंभ होता हेन्री शेफलिन. दुर्दैवाने उपान्त्य सामन्यात त्याच्या गुडघ्यास गंभीर इजा झाली. तरी अंतिम सामन्यास तो उभा राहील, या आशेने कोडी यांनी त्यास मैदानात उतरवले. सुमारे पाव तासातच त्यास लंगडत बाहेर यावे लागले. तो अंदाज चुकला होता. टिपरेरीने चार गोल करून सामना जिंकला आणि पाचव्या चषकाचे स्वप्न विरून गेले.

मोठे स्वप्न भंगल्यावर पुष्कळ संघ विस्कटून जातात. किल्केनीचा संघ पुढच्याच वर्षी पुन्हा अंतिम सामन्यात उभा राहिला. समोर तेच टिपरेरी होते. या वेळी चार गुणांनी विजय किल्केनीचा झाला. २०१२ साली गॉलवेशी अंतिम सामना बरोबरीत सुटला. तो पुन्हा खेळला गेला आणि किल्केनीने जिंकला.

२०१३ साली कोडी यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली. काही आठवडे विश्रांती घेऊन ते पुन्हा मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. त्या वर्षी चषक मिळाला नाही. पण २०१४ साली टिपरेरीशी बरोबरी होऊन पुन्हा खेळवल्या गेलेल्या सामन्यात तो परत आला. त्या अंतिम सामन्यात शेफलिनला पहिल्या पंधरांत जागा नव्हती. ज्याच्या पराक्रमावर कित्येक विजय उभे होते, त्या थोर खेळाडूसही कोडी यांचा नियम लागू होता. आणि शेफलिनने तो निमूटपणे मान्य केला. त्या विजयाने त्याच्या पदकांची संख्या दहा झाली. एवढी पदके मैदानावर खेळून मिळवणारा तो पहिलाच हर्लिंगपटू. ही दहाही पदके त्याने कोडी यांच्या हाताखाली मिळवली होती.

२०१५ साली गॉलवेवर मात करून किल्केनीने आणखी एक चषक मिळवला. कोडी यांच्या कारकिर्दीतील हा अकरावा चषक. त्यानंतर मात्र तो किल्केनीपासून दूरच राहिला. २०१६ आणि २०१९ साली टिपरेरीने किल्केनीला अंतिम सामन्यात हरवले. जुने गडी निवृत्त झाले, नवे आले. कोडी मात्र त्याच उत्साहाने, डोक्यावर टोपी घालून, मैदानाच्या कडेला उभे असत. जुलै २०२२मध्ये बलाढ्य लिमरिकशी अंतिम सामना झाला. शेवटपर्यंत झुंज देऊन किल्केनी अवघ्या दोन गुणांनी हरले. त्यानंतर काही दिवसांतच कोडी यांनी आपल्या पदाचा निरोप घेतला. चोवीस हंगाम त्यांनी हे काम केले होते.

चोवीस हंगामांत अकरा चषक, हा आकडा पाहून मन थक्क होते. परंतु त्याच आकड्यात तेरा हंगाम असेही आहेत, की ज्यांच्या शेवटी कोडी रिकाम्या हातांनी घरी परतले. पहिल्या वर्षी एका गुणाने हार झाली आणि शेवटच्या वर्षी दोन गुणांनी. प्रत्येक हारीनंतर हिवाळा आला, सुट्टीनंतर शाळा भरावी तसा नवा सराव सुरू झाला आणि सर्व गड्यांनी पुन्हा पहिल्या पाठापासून आरंभ केला. ज्या गावाने हुर्यो ऐकवली, ते गाव सोडून कोडी कोठे गेले नाहीत. त्याच गावात ते राहिले, त्याच गावातील मुलांना त्यांनी शिकवले आणि त्याच गावाच्या संघाची त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे सेवा केली.

जमावाचा आवाज वाऱ्यासारखा असतो. आज तो एका दिशेने वाहतो, उद्या दुसऱ्या. त्याने फुगून जाऊ नये आणि खचूनही जाऊ नये. हातात घेतलेले काम उद्या सकाळी पुन्हा नीट करण्याची तयारी ज्याच्यापाशी आहे, त्याला हुर्योची भीती वाटत नाही आणि जयघोषाची धुंदीही चढत नाही. किल्केनीच्या या शिक्षकाने आपल्या गड्यांना हर्लिंगबरोबर हाच पाठ शिकवला.

स्वाध्याय

१. हर्लिंग आणि हॉकी या खेळांतील फरक सांगा.
२. १९७८ सालच्या पराभवानंतर किल्केनीत काय घडले? त्या प्रसंगी ब्रायन कसा वागला?
३. ‘विजय हा कधीकधी वाईट शिक्षक ठरतो’ असे पाठात का म्हटले आहे?
४. कोडी यांच्या संघनिवडीचा नियम कोणता होता? तो पाळणे कठीण का होते, ते दोन उदाहरणे देऊन लिहा.
५. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : हुर्यो उडवणे, बाजी मारणे, नजरेत भरणे, धीर सोडणे.
६. तुमच्या शाळेचा संघ एखाद्या सामन्यात हरला, तेव्हा तुम्ही खेळाडूंचे स्वागत कसे कराल? दहा ओळी लिहा.